पाणी जमिनीला नव्हे, माणसाला द्या!

(कृष्णा, कोयना, येरळाकाठच्या गिरणी कामगारांस अनावृत पत्र)

कामगार बंधूंनो आणि भगिनींनो,

मेळाव्याच्या मंडपात हे चोपडं हातात पडल्यावर तुमच्यातला कोणीतरी म्हणणारच, "सभा मराठीची, सीमाभागाची, आणि हा गडी सातबारा नि पाटपाणी काय सांगत बसलाय?" प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर देण्यासाठीच हे लिहिलं आहे. माझं शिक्षण चार बुकांचं. सूतगिरणीत रिंग खात्यावर उभा राहून जगणारा मी माणूस. तेव्हा भाषेचा डौल इथे शोधू नका. हिशेब मात्र तपासून घ्या. हिशेब चुकीचा असेल तर चोपडं फाडून टाका. हिशेब बरोबर असेल तर शेजारच्या गड्याला वाचून दाखवा.

संयुक्त महाराष्ट्र मागताना आपल्या आज्यापणज्यांनी नुसती भाषा मागितली नव्हती. मराठी बोलणाऱ्या कष्टकऱ्याचं राज्य मागितलं होतं. त्यासाठी १०५ जणांनी जीव दिला. १ मे १९६० ला राज्य आलं. कारभार मराठीत सुरू झाला, सातबारा मराठीत आला, पाण्याचा अर्जही मराठीत लिहायची सोय झाली. चांगलं झालं. पण त्या सातबाऱ्यावर नाव कोणाचं? त्या अर्जावर पाणी कोणाला? हा प्रश्न विचारायचा राहिला तो राहिलाच. आज मी तो विचारतो आहे.

एक नदी, तीन पट्टे

आपला मुलूख डोळ्यापुढे आणा. कृष्णा महाबळेश्वरात उगवते. वाईवरून साताऱ्याजवळ माहुलीला येते, तिथे वेण्णा मिळते. कराडला कोयना मिळते. पुढे वाळवा, पलूस करीत सांगलीला जाते. पूर्वेच्या अंगाने खटावातून निघालेली येरळा खानापूर, कडेगाव, तासगाव तुडवीत ब्रह्मनाळला कृष्णेत शिरते. सांगलीजवळ हरिपूरला वारणा येऊन मिळते. हा सगळा एकच मुलूख. एके काळी जिल्हासुद्धा एकच होता. १९४९ साली उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा अशी वाटणी झाली आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळालं.

या एका खोऱ्याचे तीन पट्टे आहेत. पश्चिमेला डोंगर: जावळी, पाटण, शिराळा. महाबळेश्वराकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत. तिथे पाचशेच्या आसपास पडला तरी लोक देवाला नारळ फोडतात. आणि मध्ये नदीकाठचा काळ्या रानाचा पट्टा: कराड, वाळवा, पलूस, मिरज. तिथे ऊस, साखर कारखाने, कॉलेजं, दवाखाने.

आता मला सांगा, मुंबईच्या गिरणीत, गोदीत, मसजिद बंदरच्या गोणीखाली कोण गेलं? माणदेशचा माणूस गेला, हे कोणीही सांगेल. पाऊस नाही, मग करणार काय? पण पाटण आणि जावळीचा माणूस का गेला? माथाडी कामगारांत आजही साताऱ्याच्या डोंगरातली माणसं पसाभर नव्हे, पोत्याने आहेत. त्यांच्या गावात तर पाऊस मावत नाही! सगळ्यात जास्त पावसाचा माणूसही पोटासाठी बाहेर, सगळ्यात कमी पावसाचा माणूसही बाहेर. विट्याकडची, आटपाडीकडची पोरं सोन्याचांदीच्या गलाईच्या भट्टीवर हिंदुस्थानभर पांगली. जतची जोडपी कोयता घेऊन उसाच्या फडात उतरली.

म्हणजे दोष पावसाचा नाही. पाऊस डोंगरात पडतो आणि डोंगरातल्या माणसाच्या हाताला न लागता खाली जातो. खाली गेलेलं पाणी पूर्वेकडच्या माणसापर्यंत पोहोचत नाही. मध्ये ज्याचं रान त्याचं पाणी. सवाल पावसाचा नसून पाण्याच्या मालकीचा आहे.

२०१९ साल आठवा. उन्हाळ्यात माणदेशात गुरं चारा छावणीला बांधलेली, बायका टँकरची वाट बघत बसलेल्या. आणि त्याच वर्षी ऑगस्टात सांगली शहर पाण्याखाली. ब्रह्मनाळला माणसं वाचवताना नाव उलटली आणि गावची माणसं बुडून मेली. एकाच नदीचं खोरं, एकच साल, एकीकडे घागर कोरडी आणि दुसरीकडे घराच्या आढ्यापर्यंत पाणी. याला दैव म्हणणारा एकतर भाबडा आहे, नाहीतर लबाड आहे.

जमीन कसेल त्याची झाली का?

राज्यकर्ते सांगतात, जमिनीचा प्रश्न आम्ही केव्हाच सोडवला. बघू या.

आपल्या भागात जमीन होती इनामदार, जहागीरदार, सावकार, वतनदार आणि संस्थानिकांकडे. औंध, फलटण, जत, सांगली ही संस्थानं याच मुलखात. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने साताऱ्यात सावकाराला पहिल्यांदा घाम फोडला. मग १९४८ साली कूळकायदा आला. १ एप्रिल १९५७ हा दिवस कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी जमीन कसणारं कूळ मालक झालं असं कायद्याने म्हटलं. हा मोठा विजय होता. तो लढून मिळाला, त्याला मी कमी लेखत नाही.

पण कायद्यात आणि बांधावर फरक पडतो. कूळ म्हणून नाव लागलेलं पाहिजे. ज्याचं नाव तलाठ्याच्या दप्तरात नव्हतं, ज्याच्याकडून "राजीखुशीने जमीन परत दिली" अशा कागदावर अंगठा घेतला होता, त्याच्या हाती धुपाटणं आलं. आणि जो कूळही नव्हता, नुसता मजूर होता, दुसऱ्याच्या रानात खुरपत होता, त्याला कूळकायद्याने काय दिलं? काही नाही. वतनी जमिनींचा कायदा १९५८ साली झाला, महारवतन गेलं, गुलामीची कामं गेली, त्याचं स्वागतच आहे. पण दलित वस्तीतल्या किती घरांच्या ताब्यात पिकाऊ रान राहिलं, ते आपापल्या गावी जाऊन डोळ्यांनी बघा.

वाटेगावचे अण्णाभाऊ साठे याच वाळवा तालुक्यातले. गावात रान नाही म्हणून घरच्यांबरोबर पायी चालत मुंबई गाठली, गिरणीत राबले, आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी डफावर थाप मारून लाखालाखाच्या सभा जागवल्या. वाटेगाव कृष्णा-वारणेच्या मधलं, हिरव्या पट्ट्यातलं गाव. माणदेशातलं नव्हे. त्या हिरवळीत अण्णाभाऊंच्या घराला गुंठाभर जागा का नव्हती? याचं उत्तर जो देईल त्यालाच अण्णाभाऊंच्या पुतळ्याला हार घालायचा हक्क आहे.

"तुम्हीच फार वाढलात!"

आता दुसरा आरोप. शहाणी माणसं म्हणतात, जमीन तेवढीच आहे, पोरं झाली भरमसाट, मग तुकडे पडणारच. दोष सरकारचा नाही, तुमच्या घरातल्या पाळण्याचा आहे.

हा आरोप आपण खाली मान घालून ऐकतो. आता मान वर करून आकडे ऐका. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या शंभराला सोळाने वाढली. सांगली जिल्ह्याची वाढली शंभराला नऊ. साताऱ्याची शंभराला सातसुद्धा नाही. २०११ च्या खानेसुमारीत साताऱ्यात ३० लाख आणि सांगलीत २८ लाख माणूस मोजला गेला. म्हणजे राज्याच्या मानाने आपले दोन्ही जिल्हे मिळून जेमतेम निम्म्या वेगाने वाढतात. पाळणे आपल्याकडेही हलले, पण पाळण्यातली पोरं मोठी होऊन मुंबई, पुणे, ठाण्याला गेली. साताऱ्यात १९९१ पर्यंतच्या खानेसुमारीत हजार पुरुषांमागे हजाराहून जास्त बायका मोजल्या जात होत्या. पुरुष काय जमिनीने गिळले? पुरुष गिरणीत होते, गोदीत होते, खानावळीत जेवत होते. मागे बायकांनी रान सांभाळलं, ज्याचा सातबारा त्यांच्या नावावर नव्हता.

तरीही तुकडे पडले, हे खरं. १९७०-७१ साली महाराष्ट्रात शेतकऱ्याच्या एका खात्याला सरासरी ४.२८ हेक्टर, म्हणजे साडेदहा एकर जमीन होती. २०१५-१६ साली राहिली १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकर. पण नीट बघा. १९७१ ला महाराष्ट्रात ५ कोटी माणूस, २०११ ला सव्वाअकरा कोटी. माणूस झाला सव्वादोन पट. आणि खाती ४९ लाखांवरून दीड कोटीवर गेली, म्हणजे तिप्पट. माणसं वाढली त्याहून जास्त वेगाने तुकडे का वाढले?

मी सांगतो. पाळी सुटल्यावर गेटाबाहेर जे बोलणं चालतं ते ऐका. कायम नोकरी होती तोवर मुंबईचा भाऊ म्हणायचा, "दादा, रान तू बघ, मला दोन पोती जोंधळा दे." गिरणी बंद पडली आणि तोच भाऊ खातेफोडीचा अर्ज घेऊन तलाठ्याकडे उभा राहिला. तो हावरट नव्हता, त्याच्या पायाखालची जमीनच सरकली होती. ज्याला कुठेच भरवसा नाही तो दहा गुंठ्यांना छातीशी धरतो. आमच्या घरचं तीन एकर कोरडवाहू रान, सातबाऱ्यावर नावं आठ. माणशी पंधरा गुंठे. त्या पंधरा गुंठ्यांत घर जगत नाही हे आठांनाही माहीत आहे. तरी एकही नाव कमी व्हायला तयार नाही. हे कमी होणारं नाव फक्त बहिणीचं असतं. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित जमिनीत वाटा देणारा कायदा १९९४ सालीच केला, देशाने २००५ साली केला. तरी आपण भाऊबीजेला साडी देतो आणि हक्कसोडपत्रावर सही घेतो. हे आपल्यातलं आहे, ते झाकून मालकावर बोट दाखवता येणार नाही.

तेव्हा जमिनीचे तुकडे पाळण्यामुळे कमी आणि बेभरवशाच्या मजुरीमुळे जास्त पडले, हे ध्यानात ठेवा.

एका एकराचे तीन एकर

आता मुख्य मुद्द्यावर येतो. इथे जरा सावकाश वाचा.

१९६१ साली राज्याने कमाल जमीनधारणेचा कायदा केला. १९७५ साली ती मर्यादा आणखी खाली आणली. त्या कायद्याप्रमाणे कोरडवाहू जमीन एका कुटुंबाला ५४ एकरांपर्यंत ठेवता येते. पण बारमाही पाण्याची जमीन असेल तर फक्त १८ एकर. याचा अर्थ काय? कायद्यानेच मान्य केलं की पाण्याखालचा एक एकर म्हणजे कोरडवाहूचे तीन एकर.

मग विचारा. कोरड्या रानात सरकारने पाट आणला, तेव्हा सरकारने काय दिलं? ज्याच्याकडे दहा एकर होतं त्याला बसल्या जागी आणखी वीस एकरांची कमाई दिली. ज्याच्याकडे एक एकर होतं त्याला दोन एकरांची. ज्याच्याकडे काहीच नव्हतं त्याला शून्य. धरण सगळ्यांच्या पैशाचं. काड्यापेटीपासून कापडापर्यंत कर भरतो तो भूमिहीनही भरतो, मुंबईचा कामगारही भरतो. आणि वाटप मात्र सातबारा बघून! जमीनवाटपात गरिबाला जेवढं मिळालं, त्याच्या कितीतरी पट पाणीवाटपात मोठ्याला मिळालं. तेही मुकाट्याने, ना मोर्चा ना गोळीबार. कोणी त्याला जमीनदारी म्हटलं नाही. त्याला विकास म्हटलं.

आणि कायदा आजही तेच म्हणतो. २००५ साली सिंचनाची व्यवस्था शेतकऱ्यांच्या हाती देणारा कायदा झाला, पाणीवापर संस्था निघाल्या. नाव चांगलं. पण सभासद कोण? लाभक्षेत्रातला जमीनधारक. पाण्याचा हिस्सा किती? जमिनीच्या प्रमाणात. भूमिहीनाला तहान लागते, पण हिस्सा नाही. राज्यात पिकाखालच्या रानात ऊस थोडा, शंभर एकरांत चार-पाच एकर. पण सिंचनाचं निम्म्याहून जास्त पाणी तो पितो. उसाशी माझं वैर नाही. ऊस लावणारा अल्पभूधारकही आपलाच भाऊ आहे, त्याचंही बिल थकतं. पण शेजारी तहानलेला असताना एकाच ताटात सगळं वाढणाऱ्या वाढप्याला जाब विचारलाच पाहिजे.

धरण कोणाच्या छातीवर?

कोयनेचं धरण बांधलं तेव्हा पाटण आणि जावळीतली सुमारे शंभर गावं पाण्यात गेली किंवा उठली. तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. तो आला १९७६ साली. कोयनेची माणसं ठाणे, रायगड, सोलापूर, सांगलीपर्यंत पांगली. त्यांच्या नातवंडांना हक्काच्या जमिनीसाठी अजून धरणं धरून बसावं लागतं. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप झाला तोही याच डोंगरातल्या माणसाच्या घरावर.

आणि पाणी कुठे गेलं? धरणाची साठवण १०५ टीएमसीची, म्हणजे १०५ अब्ज घनफुटांची. त्यातलं वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी डोंगराच्या पश्चिमेला सोडून वीज करायची, असं कृष्णा पाणीवाटपाच्या बच्छावत लवादात ठरलं. वीज महाराष्ट्राला लागतेच, आपल्या रिंगा आणि माग त्याच विजेवर फिरतात. पण उठलेल्याला काय, आणि त्याच खोऱ्याच्या पूर्वेला कोरड्या पडलेल्याला काय, याचा हिशेब विजेच्या दिव्याखाली कोणी मांडला नाही.

हा खेळ आपण मुंबईतही बघितला. गिरणगावात सुमारे ६०० एकर जमीन गिरण्यांची. १९९१ च्या नियमात तिचे तीन वाटे होते: एक महापालिकेला, एक घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला, वाटे फक्त मोकळ्या जागेचे करायचे ठरले, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयातही ते कायम झालं. कामगाराच्या वाट्याला चाळीभर जागा, मालकाच्या वाट्याला टॉवर आणि मॉल. गावाकडे धरण आणि शहरात गिरणी, दोन्हीकडे घाम एकाचा आणि सातबारा दुसऱ्याचा.

यात गिरणी कामगाराचं काय?

"आम्ही पगारी माणसं, आम्हाला पाण्याचं काय," असं म्हणणाऱ्याला माझा सवाल आहे: तुझा पगार इतका कमी का आहे?

तुझ्या पगारात तुझं घर भागत नाही हे मालकाला ठाऊक आहे. पण गावाकडून जोंधळ्याचं पोतं येतं, बाळंतपण गावाला होतं, छातीचा रोग झाला की गडी गावाला जाऊन पडतो, म्हातारपण गावाला काढतो, हेही त्याला ठाऊक आहे. म्हणजे तुझ्या पगाराचा उरलेला भाग तुझी आई आणि तुझी बायको रानातून भरते. मालकाला मजुरी स्वस्त पडते ती गावाच्या जिवावर.

आणि उलट बाजूनेही बघा. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडला आणि वर्ष उलटलं तरी हटला नाही. कोणत्या फंडावर? गावच्या भाकरीवर! ज्याच्या गावात भाकरी होती तो टिकला. ज्याच्या गावात दुष्काळ होता त्याला घरी जाऊन रोजगार हमीची खडी फोडावी लागली. गावाला पाणी असेल तर गेटावर आपली मान ताठ राहते. गाव कोरडं पडलं की तिथला पोरगा पोटासाठी तुझ्याच गेटावर बदली म्हणून उभा राहतो, तुझ्याहून कमी मजुरीवर. तो तुझा वैरी नाही, तुझ्या गावचा दुष्काळ तुझा वैरी आहे.

हे स्वप्न नव्हे, झालेली गोष्ट आहे

कोणी म्हणेल, बोलणं सोपं, करून दाखवा. दाखवलं आहे, आणि तेही गिरणी कामगारांनी.

त्या संपात खानापूर तालुक्यात परतलेले कामगार आणि दुष्काळी शेतकरी एकत्र आले. खडी फोडून दुष्काळ हटत नाही, दुष्काळ हटवील असं काम द्या, अशी मागणी त्यांनी केली. त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. डॉ. भारत पाटणकर त्यात होते. येरळेची वाळू ठेकेदार उपसून नेत होते, नदी मरत होती आणि विहिरी आटत होत्या. बलवडी आणि तांदुळवाडी या दोन गावांनी ठरवलं, आपल्या नदीची थोडी वाळू आपण विकू आणि त्या पैशातून आपलं धरण बांधू. अभियंते के. आर. दाते यांनी आराखड्याला मदत केली. विद्यार्थ्यांनी श्रमदान केलं. सरकारने आडकाठी घातली, ती लढून काढली. येरळेवर बळीराजा स्मृती धरण उभं राहिलं.

पण धरणापेक्षा मोठी गोष्ट त्याचा नियम. पाणी एकरावर नाही, घरावर. प्रत्येक घराला सारखा हिस्सा. ज्याला जमीन नाही त्यालाही हिस्सा. दोन गावच्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या माणसांनी जे ठरवलं ते राज्याच्या मोठमोठ्या कायद्यांना जमलं नाही.

याच्या आधी पुणे जिल्ह्यात पुरंदरच्या नायगावला विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने माणशी अर्ध्या एकराचं पाणी हे माप लावलं होतं. पुढे १९९३ पासून क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांनी आटपाडीला पाणी परिषदा भरवून दुष्काळी तालुके जागे केले. नागनाथअण्णा वाळव्याचे, म्हणजे पाण्याच्या पट्ट्यातले. स्वतःच्या गावात ऊस असताना ते दुसऱ्याच्या तहानेसाठी लढले, हे विसरू नका. बच्छावत लवादाने कृष्णेतलं ५६० टीएमसी पाणी महाराष्ट्राला दिलं, आणि २००० सालच्या मेनंतर वाटपाचा फेरविचार होऊ शकत होता. ते अडवायला हवं, या रेट्यापुढे सरकार हललं. १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ झालं. टेंभू, ताकारी, म्हैसाळचं पाणी चढावरून पूर्वेकडे आलं. माणदेशाच्या ओढ्यात कृष्णेचं पाणी बघून म्हाताऱ्या माणसांनी ते डोळ्याला लावलं. कोणी दान दिलं नाही, लोकांनी लढून आणलं.

आता धोका पुढचा आहे. पाणी पूर्वेला आलं, पण वाटप पुन्हा एकरावरच झालं तर माणदेशातही एक नवा वाळवा तयार होईल. पाटाजवळ बंगले आणि माळावर टँकर! मग आज्याने मुंबई गाठली तशी नातवाने पुन्हा गाठायची.

"जमीन नाही त्याने पाणी घेऊन करायचं काय?"

हा प्रश्न हमखास येतो, आणि हसत हसत विचारला जातो. उत्तर सोपं आहे. गावोगाव अशी घरं आहेत की ज्यांचं रान आहे पण कसायला माणूस नाही. म्हातारी एकटी, पोरगं पुण्याला. भूमिहीन घराकडे हात आहेत. उद्या त्याच्याकडे पाण्याचा हिस्सा आला तर तो अर्धलीने रान कसायला जाताना रिकाम्या हाताने जाणार नाही. आज तो जातो मजूर म्हणून, उद्या जाईल वाटेकरी म्हणून. एकट्या बाईचं तसंच. नवऱ्याने टाकलेली, विधवा, तिच्या नावावर सातबारा नसला तरी पाण्याचा कागद तिच्या नावावर असेल, आणि तो कागद कोणाला हक्कसोड करून घेता येणार नाही.

दुसरा प्रश्न, उसवाल्याचं पाणी काढून घेणार का? घर जगेल एवढं पाणी प्रत्येक घराला आधी. राहील ते पुढे वाटा. पंगतीत पहिला वाढा सगळ्यांना मिळाल्यावर दुसरा वाढा मागायचा, हा रिवाज आपल्या आईने शिकवला. राज्याला तो कळायला इतकी वर्षं लागू नयेत.

सीमेवर काय उत्तर देणार?

आता मूळ मेळाव्याच्या विषयाला येतो. बेळगाव, निपाणी, कारवार, खानापूरचे भाऊ १९५६ पासून महाराष्ट्राची वाट बघतात. ८६५ गावांवर आपण हक्क सांगतो. २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा घातला. हा हक्क न्यायाचा आहे आणि तो आपण सोडणार नाही.

पण याच सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याच्या पूर्वेची गावं पाण्यावाचून तडफडून म्हणाली, आम्हाला कर्नाटकात जाऊ द्या. २०१२ साली असे ठराव झाले. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी तेच ठराव पुढे करून जतवर बोट ठेवलं. मग कुठे मुंबईत धावपळ झाली आणि विस्तारित म्हैसाळ योजनेच्या घोषणा सुटल्या. कृष्णाकाठाने या राज्याला यशवंतराव चव्हाण, वसंतदादा पाटील, पृथ्वीराज चव्हाण असे मुख्यमंत्री दिले. आणि त्याच खोऱ्यातलं गाव पाण्यासाठी राज्य सोडू म्हणतं! ही लाज जतच्या लोकांची नाही. त्यांना गद्दार म्हणणाऱ्याने आधी एक उन्हाळा त्यांच्या टँकरच्या रांगेत उभं राहावं.

कानडी कामगार आपला वैरी नाही. त्याच्याही मुलखात रान मोठ्याचं आणि घाम धाकट्याचा आहे. आपलं भांडण राज्यकर्त्यांशी आहे. बेळगावच्या भावाला "ये, हे तुझं राज्य" म्हणून हाक मारायची असेल, तर आधी जतच्या भावाच्या घागरीत पाणी पडलं पाहिजे.

आमच्या मागण्या

१. धरणाच्या आणि उपशाच्या पाण्यावर पहिला हक्क घराचा; जमिनीचा नंतर. घरटी सारखा हिस्सा कायद्यात लिहा.

२. भूमिहीन आणि एकट्या बाईला पाण्याचा कागद तिच्या स्वतःच्या नावाने द्या.

३. कोयना आणि बाकी धरणांच्या विस्थापितांचं पुनर्वसन पूर्ण झाल्याशिवाय नव्या कामाचा नारळ फोडू नका.

४. जत, आटपाडी, माण, खटावच्या शेवटच्या गावाला पाणी पोहोचवा, आणि तेही बंद नळातून, सारख्या वाट्याने.

५. परगावी राबणाऱ्या कामगाराच्या घराचा हिस्सा तो गावात नाही म्हणून बुडवू नका.

आणि आपल्यासाठी दोन कामं. येत्या यात्रेला गावी जाल तेव्हा आठ-अ चा उतारा काढा, पाणीवापर संस्थेची यादी मागा, कोणाच्या रानाला किती पाणी जातं ते लिहून आणा. आणि बहिणीकडून घेतलेली सही परत करा. दुसऱ्याकडे वाटा मागायला जाताना आपले हात साफ पाहिजेत.

पुढच्या द्वारसभेत प्रत्येक खात्याने आपल्या गावांची यादी घेऊन यावी. मालकाच्या दारातही आपण एक आणि बांधावरही एक, हे या वेळी दाखवून देऊ.

राज्य मराठीचं, पाणी माणसाचं!
कसेल त्याची जमीन, राबेल त्याचं पाणी!
कामगार-शेतकरी एकजुटीचा विजय असो!

आपला,
रिंग खात्यातला एक कामगार